नव्वद रुपयांचा फरक

माझी भाची यंदा बारावी कॉमर्स झाली आणि निकालाच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या घरात दोन पक्ष पडले. ताईचे म्हणणे असे, की मुलीने पुण्याच्या एखाद्या नावाजलेल्या कॉलेजात रीतसर बी.कॉम.ला प्रवेश घ्यावा, वसतिगृहात राहावे, चार लोकांत वावरायला शिकावे आणि सी.ए.चे काय ते त्यानंतर पाहावे. दाजींचे म्हणणे नेमके याच्या उलट. पदवी काय, मुक्त विद्यापीठातून घरबसल्या होते. कॉलेजच्या कट्ट्यावर तीन वर्षे घालवण्यापेक्षा पोरगी लवकरात लवकर एखाद्या ऑफिसात आर्टिकलशिपला बसली, तर विशी-एकविशीत सी.ए. होऊन मोकळी होईल. मग दोघांनीही निवाड्यासाठी माझ्याकडे पाहिले, कारण घरात सी.ए. मी एकटीच आहे आणि सांगलीत गेली पंधराएक वर्षे माझे छोटे ऑफिस चालते. मी त्या दिवशी चहा घेतला आणि उठून आले. असल्या प्रश्नाला जेवणाच्या ताटावर बसून उत्तर देता येत नाही, म्हणून ते इथे सावकाश लिहीत आहे.

ज्यांच्या घरात हा विषय अजून आलेला नाही, त्यांच्यासाठी आधी व्यवस्था सांगते. सनदी लेखापाल व्हायचे तर परीक्षा आणि उमेदवारी या दोन्हींना पर्याय नाही. उमेदवारी म्हणजेच आर्टिकलशिप: एखाद्या प्रॅक्टिस करणाऱ्या सी.ए.च्या हाताखाली, त्याच्या ऑफिसात, ठरावीक मुदतीपर्यंत काम शिकणे. ज्यांच्या हाताखाली शिकायचे ते 'प्रिन्सिपल', शिकणारा 'आर्टिकल', आणि महिन्याकाठी हातावर पडते तो पगार नव्हे, तर 'स्टायपेंड'. त्याची किमान रक्कम ऑफिस ज्या शहरात आहे त्या शहराच्या लोकसंख्येवर ठरते. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत ही मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. बारावीनंतर फाउंडेशन, त्यानंतर इंटरमीजिएट, इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्यावर दोन वर्षे आर्टिकलशिप, पुढे सहा महिने अभ्यासाला आणि मग फायनल, असा हा क्रम आहे. फाउंडेशनच्या आधीचे चार महिने, इंटरच्या आधीचे आठ, आर्टिकलशिपचे चोवीस आणि शेवटचे सहा अशी बेरीज केली तर कागदावर बेचाळीस महिने भरतात. दाजींनी ही बेरीज आधीच करून ठेवली होती. या बेरजेत नापास होणे धरलेले नाही, एवढे मात्र त्यांच्या लक्षात आले नव्हते.

दुसरा रस्ता पदवीकडून येतो. वाणिज्य शाखेचा पदवीधर किमान ५५ टक्के गुण मिळवून आला, तर त्याला फाउंडेशन द्यावी लागत नाही. तो थेट इंटरला बसतो. इतर शाखांच्या पदवीधरांना त्यासाठी ६० टक्के लागतात. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आधी कॉलेज करून येणाऱ्याचे एक पायरी चढणे वाचते, त्याच्या बदल्यात वर्षे जातात. आर्टिकलशिप मात्र दोघांनाही सारखीच चुकत नाही. त्यामुळे 'कॉलेज की आर्टिकलशिप' हा वाद सी.ए.पुरता तरी खरे म्हणजे क्रमाचा वाद आहे, आणि तो नवा नाही. मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झाले १९१३ साली, आणि सरकारी जी.डी.ए. ही लेखाशास्त्राची पदविका आली १९१८ साली. त्या पदविकेतही नुसती परीक्षा पुरत नसे. मान्यताप्राप्त लेखापालाच्या हाताखाली तीन वर्षे काढावी लागत. सी.ए.च्या परीक्षा घेणारी आणि व्यवसायाचे नियमन करणारी इन्स्टिट्यूट १९४९ च्या कायद्याने आली, म्हणजे पुस्तक आणि उमेदवारी यांची ही जोडी तिच्याहून तीस वर्षांनी थोरली आहे.

माझे स्वतःचे झाले ते असे. मी २००३ साली इथेच सांगलीत बी.कॉम. झाले, सकाळचे कॉलेज आणि दुपारी घरी अभ्यास अशा पद्धतीने, आणि पुढच्या वर्षी तेव्हाची पी.ई.-२, म्हणजे आताच्या इंटरच्या जागेची परीक्षा, सुटल्यावर गणपती पेठेतल्या एका ऑफिसात आर्टिकलशिपला लागले. स्टायपेंड हजारापर्यंतही पोचत नव्हता. ऑफिसात आम्ही पाच आर्टिकल, दोन खिडक्या आणि एकच संगणक, ज्यावर टॅली होते आणि ज्याच्यासाठी रांग लागे. पहिल्या महिन्यात सरांनी मला मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात पाठवले. तिथल्या दिवाणजींचे वय तेव्हा सत्तरीच्या घरात असावे. लाल कापडी बांधणीच्या चोपड्या मांडीवर घेऊन ते रोजची किर्द लिहीत, तिची खातेवार खतावणी मारत, आणि महिनाअखेरीची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा ताळा, त्यांच्या हातून सहसा चुकत नसे.

त्या महिन्यात मात्र बँकेच्या पासबुकात आणि त्यांच्या वहीत दोनशे सत्तर रुपयांचा फरक येत होता. मी पहिल्या तारखेपासून एकेक रक्कम ताडून टिक करत निघाले. दिवाणजींनी पाच मिनिटे माझा तो उद्योग पाहिला आणि म्हणाले, "ताई, फरकाला नवानं भाग जातोय का बघा आधी." गेला, तीस वेळा. "मग आकडं उलटंपालटं झाल्यात. दहाच्या आन् शंभराच्या घरात तीनाचा फरक असलेली रक्कम हुडका." मिनिटभरात सापडली: ८,५८० चा धनादेश वहीत ८,८५० असा पडला होता. मी विचारले, नवानेच का? तर म्हणाले, "आमच्या वडलांनी असंच सांगितलंय."

नवानेच का, हे मला ठाऊक होते, किंवा निदान कागदावर मांडून काढता आले. शेजारशेजारचे दोन अंक अदलाबदल झाले, की एकाची किंमत दहापटीने वाढते आणि दुसऱ्याची तितकीच उतरते. दहातून एक वजा केला की नऊ उरतात, आणि त्या दोन अंकांतला फरक त्या नवाला गुणतो. हे मी दिवाणजींना समजावून सांगितले तेव्हा ते मनापासून खूश झाले, पण त्यांच्या कामात तसूभरही फरक पडला नाही. माझ्या कामात मात्र त्यांच्या त्या एका वाक्याने पडला. त्यानंतर फरक आला, की मी टिकमार्क करायला लागण्याआधी भागाकार करते.

हा प्रसंग मी मुद्दाम सांगितला, कारण कॉलेजने मला काय दिले आणि ऑफिसने काय दिले, याची वाटणी करताना मला तोच आठवतो. आणखी एक उदाहरण घसाऱ्याचे, म्हणजे यंत्रासारख्या वस्तूच्या झिजेपोटी दर वर्षी हिशेबात धरायच्या रकमेचे. ऑफिसात आर्टिकलला घसारा म्हणजे दरांचा एक तक्ता म्हणून भेटतो. आयकराचा दर वेगळा, कंपनी कायद्याप्रमाणे येणारा आकडा वेगळा. एकाच यंत्राची वर्षअखेरीची किंमत दोन कागदांवर दोन तऱ्हेची दिसते आणि नव्या पोराला वाटते, यातली एक चूक असणार. माझ्या बरोबरीच्या एका आर्टिकलने असे दोन आकडे 'जुळवून' ठेवले होते, आणि ते निस्तरायला सरांना अख्खी संध्याकाळ लागली. मला तो घोळ पडला नाही, याचे श्रेय बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिकवणाऱ्या आमच्या प्राध्यापकांना आहे. त्यांनी एका तासाला फळ्यावर एकच वाक्य लिहिले होते: घसारा म्हणजे वस्तूची किंमत ठरवणे नव्हे, झालेल्या खर्चाची वर्षावर्षांत वाटणी करणे होय. आणि मग पाऊण तास ते तेवढ्या एका वाक्यावरच बोलले. असा पाऊण तास ऑफिसात कोणी कोणाला देत नाही. सप्टेंबर अखेरीला टॅक्स ऑडिटची मुदत डोक्यावर असताना तर नाहीच नाही. इन्स्टिट्यूटच्या बोधचिन्हावर 'य एष सुप्तेषु जागर्ति' हे कठोपनिषदातले वचन आहे, सगळे झोपलेले असताना जो जागा असतो तो. आम्ही आर्टिकल त्याचा अर्थ सप्टेंबरपुरता घेत असू.

पण ऑफिसने जे दिले ते कॉलेजला देताच आले नसते. हरिपुरातली हळदीची पेवे सांगलीकरांना सांगायला नकोत. बाहेरच्यांसाठी सांगते, की कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या गावात हळद जमिनीखाली खोल खणलेल्या पेवांत साठवून ठेवत. मार्च २००५ मध्ये एका व्यापाऱ्याच्या मालाची तपासणी करायला सरांनी मला तिकडे पाठवले. आई बरोबर कोणाला तरी ने म्हणत होती. मी एकटीच एस.टी.ने गेले. तिथे पोचल्यावर कळले, की मोजायला काहीच नाही. पेवाचे तोंड बंद, वर माती, आणि ते उघडायचे तर आतली कोंदट हवा जाऊ द्यावी लागते, मग माणूस उतरतो, आणि एकदा उघडलेल्या पेवातला माल लवकर काढावा लागतो. एवढे सगळे एका आर्टिकलसाठी कोण करणार? व्यापाऱ्याच्या माणसाने नोंदवही दाखवली, कोणत्या पेवात किती माल ते मी उतरवून घेतले, ऑफिसात येऊन कागदावर लिहिले: 'प्रत्यक्ष तपासणी केली, साठा बरोबर.'

सरांनी कागद वाचला आणि विचारले, "काय पाहिलंस?"

"पेव."

"हळद पाहिलीस?"

मी गप्प. त्यांनी माझे वाक्य खोडले आणि जे पाहिले तेवढेच लिहायला लावले. अमुक तारखेला अमुक क्रमांकांची पेवे बंद स्थितीत पाहिली. नोंदवहीचे अमुक पान पाहिले. माल भरल्याच्या पावत्या पाहिल्या. पेवे उघडलेली नसल्याने आतला साठा मोजलेला नाही. पुढे त्याच वर्षीच्या महापुरात हरिपुरातल्या अनेक पेवांत पाणी शिरले. त्या व्यापाऱ्याचा माल किती होता आणि किती गेला यावर बरीच वादावादी झाली, कागद मागवले गेले, आणि त्यांत माझ्या हस्ताक्षरातला तो अर्ध्या पानाचा कागदही होता. त्यावर कोणाला बोट ठेवता आले नाही, कारण त्यात मी न पाहिलेली एकही गोष्ट लिहिलेली नव्हती. ऑडिटिंगच्या पुस्तकात साठ्याच्या तपासणीवर एक मोठे प्रकरण असते. ते मी त्याआधी दोनदा वाचले होते आणि परीक्षेत त्यावर चांगले गुणही मिळवले होते.

व्हाउचिंगचेही तसेच. वर्गात व्हाउचिंग म्हणजे पावती आहे का, सही आहे का, तारीख चालू वर्षाची आहे का. ऑफिसात दुसऱ्या वर्षी कधीतरी डोळ्यांना सवय लागते आणि मग दिसते, की एप्रिल, जून आणि ऑगस्टमधल्या तीन हॉटेलबिलांचे क्रमांक ४१, ४२ आणि ४३ आहेत. चार महिन्यांत त्या हॉटेलात दुसरे कोणी जेवलेच नाही काय? असे बिल हातात धरून अशिलाच्या चेहऱ्याकडे कसे पाहायचे, त्याला चोर न म्हणता तो खर्च कसा काढून टाकायला लावायचा, हे सरांच्या शेजारी बसूनच शिकता येते.

म्हणून दाजींच्या बाजूने मी एवढे नक्की म्हणेन, की लेखापालाचा हात ऑफिसातच बसतो. पण ज्या आर्टिकलशिपने माझा हात बसवला ती तीन वर्षांची होती. पहिल्या वर्षी आम्ही सांगेल ते उचलत होतो, दुसऱ्या वर्षी काम करत होतो, आणि तिसऱ्या वर्षी नव्या आर्टिकलना शिकवत होतो; आणि शिकवताना जे आपल्याला कळलेले नाही ते आधी उघडे पडते. आता दोन वर्षे झाली. दोन मार्चअखेर, दोन एप्रिलमधल्या बँक शाखांच्या ऑडिटच्या धावपळी, दोन सप्टेंबर. वर्षाला रजा बारा. पूर्वी मुले परीक्षेसाठी महिनेच्या महिने रजेवर जात, ते आता होत नाही, कारण इंटर आधीच सुटलेली असते आणि फायनलला नंतर सहा महिने मिळतात. हे चांगले झाले, हे मान्य. पण ते तिसरे वर्ष गेले याची मला हळहळ आहे, आणि माझ्या ऑफिसातली मुले काम जरा कुठे हाताला लागले, की निघून जातात, अशी माझी स्वार्थी तक्रारही त्यात आहे, हे लपवत नाही.

मुदत आखूड झाल्यामुळे दुसरा एक प्रश्न अधिक टोकदार झाला आहे: आर्टिकलशिप कुठे करायची? पुण्या-मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये गेलेल्या मुलाच्या बायोडेटावर चांगले नाव येते, मोठ्या कंपन्यांची ऑडिट आतून दिसतात आणि पुढे नोकरीला त्याचा उपयोग होतो. पण तिथे कामाची विभागणी बारीक असते. माझ्याकडे नोकरीसाठी आलेल्या एका मुलीने सबंध वर्षभर एकाच मोठ्या कंपनीच्या येणे रकमांची पुष्टिपत्रे जमवण्याचे काम केले होते, आणि तिला साधे जी.एस.टी.चे मासिक विवरणपत्र भरता येत नव्हते. लहान गावातल्या ऑफिसात उलट होते. चलन भरण्यापासून ताळेबंदावर सही होईपर्यंत सगळे एकाच मुलाच्या हातून जाते. पतसंस्था, बेदाण्याचे कोल्ड स्टोरेज, दवाखाना, ट्रस्टची शाळा, बिल्डर, सगळ्यांच्या वह्या दोन वर्षांत पाहून होतात. ज्याला पुढे स्वतःचे ऑफिस काढायचे आहे त्याने लहान ठिकाणी शिकावे आणि ज्याला कंपनीत नोकरी करायची आहे त्याने मोठ्या ठिकाणी, असे मी ढोबळमानाने सांगते. शेवटच्या वर्षात एखाद्या कंपनीत औद्योगिक प्रशिक्षण घेण्याची सोय आहे, तीही नोकरीवाल्याने जरूर पाहावी. आणि पैशाचे बोलायचे तर पुण्यातले कॉटचे भाडे आणि मेसचे पैसे स्टायपेंडमध्ये भागत नाहीत. ज्या घरातून दरमहा भर घालणे शक्य नाही, त्या घरातल्या मुलाने सांगली-कोल्हापुरात राहून आर्टिकलशिप केली, म्हणून त्याच्या सहीची किंमत कमी होत नाही.

आता ताईची बाजू. पदवी कशाला हवी, या प्रश्नाचे एक रोखठोक उत्तर म्हणजे सी.ए. झाले नाही तर हवी. हे बोलायला कोणाला आवडत नाही. पेढे वाटून फाउंडेशनला नाव घातलेले असते, त्या घरात अशी अशुभ वाणी कोण काढणार? पण दोन्ही ग्रुप एकदम सुटणारे दर वेळी थोडेच असतात, बाकीचे पुढच्या अटेम्प्टला बसतात, आणि काहींचे अटेम्प्ट संपता संपत नाहीत. आम्हा पाच आर्टिकलपैकी तिघे सी.ए. झालो. उरलेल्या दोघांपैकी एकाकडे बी.कॉम. होते, त्याने पुढे सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही पदविका परीक्षा दिली आणि आज तो जिल्हाभरातल्या सोसायट्यांची आणि पतसंस्थांची ऑडिट करतो. आर्टिकलशिपमध्ये त्याने जे शिकले ते त्याला तिथे रोज उपयोगी पडते. दुसऱ्याने कॉलेज पहिल्याच वर्षी सोडले होते. फायनलचा नाद सुटला तेव्हा तो अठ्ठाविशीत होता, टॅली, टॅक्स, ताळेबंद सगळे त्याला माझ्याइतके येत होते, आणि अर्ज करताना शिक्षणाच्या रकान्यात त्याला 'बारावी' लिहावे लागत होते. बँकेची परीक्षा, एम.पी.एस.सी.ची विक्रीकर निरीक्षकाची परीक्षा, जी.डी.सी. अँड ए., कुठेच पदवीशिवाय दार उघडत नव्हते. त्याने तिशीत मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. केले. नाशिकच्या त्या विद्यापीठाचे अशा माणसांवर फार उपकार आहेत, आणि दाजी ज्या सुरात 'घरबसल्या होते' म्हणाले तो सूर मला म्हणूनच खटकला.

पदवीचे दुसरे कारण विमा हे नसून वय आहे. अठराव्या वर्षी मुलीला हिशेब आवडतात हे तिला कुठून ठाऊक असणार? बारावीत अकाउंट्सला अठ्ठ्याण्णव मिळाले, एवढ्यावरून सगळे ठरवले जाते. माझ्या वर्गातल्या एकीला अर्थशास्त्र शिकताना त्याची गोडी लागली, ती एम.ए. झाली, प्राध्यापकीसाठीची सेट परीक्षा पास झाली, आज कॉलेजात शिकवते. ती सरळ आर्टिकलशिपला गेली असती तर आज कदाचित चांगली सी.ए. असती आणि दर सप्टेंबरला आजारी पडली असती. हल्ली सी.ए.लाही तशीच नेट परीक्षा देता येते, कारण २०२१ मध्ये यू.जी.सी.ने सी.ए.ला पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीचे धरले. पण अर्थशास्त्राची गोडी लागायला आधी कोणीतरी ते नीट शिकवलेले असावे लागते.

इथपर्यंत वाचून वाटेल, की मी दोन्ही डगरींवर हात ठेवते आहे. तसे नाही. मला खरा राग आहे तो एका तिसऱ्याच गोष्टीचा, आणि ताई-दाजींच्या वादात ती कोणी उच्चारलीही नाही. आमच्या व्यवसायात आणि आमच्या कॉलेजांत 'डमी' नावाचा एक शब्द सर्रास चालतो. डमी कॉलेज म्हणजे प्रवेश घ्यायचा, फी भरायची, वर्गात पाऊल टाकायचे नाही. हजेरीचे काय ते कॉलेज पाहून घेते. डमी आर्टिकलशिप म्हणजे नोंदणी करायची, करारावर सह्या व्हायच्या, स्टायपेंड खात्यावर जमा व्हायचा आणि रोखीने परत जायचा, आणि मूल दोन वर्षे क्लासच्या अभ्यासिकेत बसून फायनलची तयारी करायचे. इन्स्टिट्यूट याला गैरवर्तन धरते, सापडल्यावर कारवाई होते, हे सगळे खरे, तरी दर वर्षी माझ्याकडे एखादा तरी बाप येतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "मॅडम, नुसतं नाव लावून घ्याल का?" शिकलेसवरलेले, सज्जन लोक असतात. त्यांचा हिशेब असा, की कॉलेज कागदावर, आर्टिकलशिप कागदावर आणि क्लास तेवढा खरा. त्या हिशेबातून जो सी.ए. निघतो त्याला घसारा का काढायचा हे कोणी पाऊण तास सांगितलेले नसते आणि बंद पेवासमोर तो कधी उभा राहिलेला नसतो. त्याच्या सहीवर मात्र बँका कर्जे देतात.

दोन्ही एकाच वेळी खरेखुरे करायचे म्हटले तर काय होते? आर्टिकलने आठवड्याला पस्तीस तास ऑफिसात द्यावेत असा नियम आहे, विद्यापीठ ७५ टक्के हजेरी मागते, आणि आर्टिकलशिप चालू असताना दुसरा अभ्यासक्रम करायचा तर फॉर्म ११२ भरून इन्स्टिट्यूटची परवानगी घ्यावी लागते. मुंबईत आणि आमच्याकडेही सकाळी सातला भरणारी कॉमर्स कॉलेजे आहेत, त्यांच्या जोरावर पुष्कळ मुले हे ओढून नेतात. सात ते साडेदहा वर्ग, अकरा ते सहा ऑफिस, सात ते नऊ क्लास. मी अशी मुले माझ्या ऑफिसात दुपारी तीन वाजता व्हाउचरवर डोके टेकवून झोपलेली पाहिली आहेत, आणि त्यांना उठवायचे माझ्या जिवावर आले आहे. त्यातले पहिले काय सुटते तर कॉलेज, आणि ते सुटले हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

तेव्हा माझे मत असे. भाचीने बी.कॉम.ला प्रवेश घ्यावा, सांगलीत घेतला तरी चालेल, आणि वर्गात बसावे. फाउंडेशन सप्टेंबरमध्ये द्यायचीच आहे तर द्यावी. नाही सुटली तर छाती बडवून घेऊ नये, पदवीनंतरचा थेट रस्ता मोकळा आहेच. इंटरचा अभ्यास दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या जोडीने करावा, कारण अभ्यास आणि वर्ग यांचे एकमेकांशी वैर नाही. वैर आहे ते वर्ग आणि ऑफिस यांचे. पदवी हातात आली, की आर्टिकलशिप सुरू करावी आणि त्या दोन वर्षांत दुसरे काहीही करू नये. यात दाजींच्या बेचाळीस महिन्यांवर दोनेक वर्षे जास्त जातात. तेवढी जाऊ द्यावीत. तिला चाळीस वर्षे सह्या करायच्या आहेत.

हे मी दाजींना फोनवर सांगितले तेव्हा त्यांना ते फारसे पटले नाही. "तुझं झालं त्या काळात," असे ते म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे आहे असेही मला म्हणवत नाही. घरात दुसरे मूल शिकायचे आहे, दोन वर्षांची किंमत त्यांना माझ्यापेक्षा अधिक कळते. शेवटी असे ठरले, की प्रवेशाच्या याद्या लागेपर्यंत पोरीने रोज माझ्या ऑफिसात येऊन बसावे, आर्टिकल म्हणून नव्हे, भाची म्हणून, आणि काय ते स्वतःच पाहावे.

पहिले तीन दिवस तिने फायलींना नावाच्या चिठ्ठ्या लावल्या आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला. चौथ्या दिवशी मी तिला एका पतसंस्थेच्या बँक खात्याची जुळवणी दिली. बँकेचा उतारा एका बाजूला, संस्थेची वही दुसऱ्या बाजूला. दुपारी चारला तिने सांगितले, की वटायचे राहिलेले धनादेश धरूनही नव्वद रुपयांचा फरक राहतो. मी म्हटले, नवाने भाग जातो का बघ. ती म्हणाली, "जातो की. पण त्याचं काय?" आणि दिवाणजींसारखेच कारण न सांगता मी गप्प बसले.

सहा वाजता ऑफिस बंद व्हायच्या वेळी तिच्यासमोर एक कागद होता आणि त्यावर दहा वजा एक, शंभर वजा दहा अशी मांडणी चालली होती. सव्वासहाला ताईचा फोन आला. पुण्याच्या कॉलेजाची पहिली यादी लागली होती आणि तिचे नाव त्यात होते. मी फोन तिच्या हातात दिला. तिने यादीचे ऐकले, हं हं केले आणि म्हणाली, "आई, नंतर बोलते, इथे ५,३४० आणि ५,४३० चं काहीतरी आहे," आणि फोन मला परत दिला.